आपली हाडे आणि आजचे संशोधन

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान. काही भगिनींच्या आग्रहावरून येथे लिहून दिले आहे.)



आताच गाण्यांचा कार्यक्रम झाला, शेजारच्या खोलीतून मसालेभाताचा वास येतो आहे, आणि अशा वेळी हाडांवरचे व्याख्यान ऐकायला लावणे म्हणजे पुरणपोळीच्या ताटात काढ्याची वाटी ठेवण्यासारखे आहे. पण काढा थोडा असला तर पोटात जातो, म्हणून मी वेळेचे भान ठेवूनच बोलणार आहे.

हा विषय मी आपण होऊन निवडलेला नाही. दोन महिन्यांपूर्वी आपल्या मासिक सभेला एक गृहस्थ येऊन गेले, हे आपल्याला आठवत असेल. त्यांच्याजवळ कॅप्सूलच्या बाटल्या होत्या. "चाळिशीनंतर बायकांची हाडे आतून गंजतात, आणि या बाटलीतले अँटिऑक्सिडंट तो गंज थांबवते," असे त्यांनी सांगितले. मंडळाने एकगठ्ठा माल घेतला तर किमतीत सवलतही देऊ केली. तेव्हापासून मला निदान दहा जणींनी विचारले, "बाई, तुम्ही इतकी वर्षे कॉलेजात जीवरसायन शिकवलेत. यात तथ्य किती?" प्रत्येकीला जिन्यात उभ्या उभ्या उत्तर देण्यापेक्षा सर्वांसमोर एकदाच बोलावे, असे अध्यक्षीणबाईंनी सुचवले. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. औषध सांगणे माझे काम नव्हे. पण संशोधनात काय चालले आहे ते वाचून समजेल अशा भाषेत सांगणे हे माझे जन्माचे काम, आणि तेवढेच मी करणार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपण हाड म्हटले की दगडासारखी निर्जीव वस्तू डोळ्यांसमोर आणतो. प्रत्यक्षात हाड हे शेणाने सारवलेल्या जुन्या घरच्या जमिनीसारखे असते. आपल्या आया-आज्या काय करीत? जमिनीला पोपडे आले की ते उकरून काढीत आणि त्या जागी नवे लिंपण घालीत. हाडातही हेच काम अहोरात्र चालते. काही पेशी जुने हाड उकरून काढतात, त्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. काही पेशी नवे हाड लिंपतात, त्या ऑस्टिओब्लास्ट. तिसऱ्या ऑस्टिओसाइट. या हाडाच्या आतच राहून कुठे डागडुजी हवी आहे याची वर्दी देतात, आणि हाडातल्या शंभर पेशींपैकी नव्वदांहून अधिक याच असतात. अशा रीतीने सुमारे दहा वर्षांत आपला सांगाडा जवळजवळ नव्याने घडतो. तिशीच्या आसपास हाडांचा साठा भरलेला असतो. पुढे उकरणे थोडे जास्त आणि लिंपणे थोडे कमी असे होऊ लागते. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही तफावत एकाएकी वाढते. हाड आतून विरळ होते, जाळीदार होते, आणि किरकोळ धक्क्यानेही मोडते. यालाच ऑस्टिओपोरोसिस म्हणतात.

हे असे का होते, या प्रश्नाला संशोधकांनी वेळोवेळी निरनिराळी उत्तरे दिली. 1941 साली अमेरिकेत बॉस्टन येथे फुलर ऑलब्राइट या वैद्याने दाखवून दिले की, ज्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात त्यांतील बहुतेकींची पाळी गेलेली असते. इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक कमी झाले की हाडांची झीज वाढते, हा विचार तेव्हापासून रूढ झाला आणि तो आजही खोटा ठरलेला नाही. पुढची अनेक वर्षे सारे बोलणे इस्ट्रोजेन आणि कॅल्शियम या दोन शब्दांभोवती फिरत राहिले.

दुसऱ्या बाजूला अगदी वेगळ्या अंगणात एक विचार वाढत होता. 1954 साली रेबेका गेर्शमन या अर्जेंटिनाच्या विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह असे मांडले की, क्ष-किरणांनी होणारी इजा आणि अति प्राणवायूमुळे होणारी इजा यांच्या मुळाशी एकच कारण असावे. ते कारण म्हणजे फ्री रॅडिकल, मराठीत आपण त्यांना मुक्त मूलके म्हणू. ज्या काळी प्रयोगशाळेत स्त्री दिसणे विरळा होते, त्या काळी ही कल्पना एका स्त्रीने मांडली, हे मी या व्यासपीठावरून मुद्दाम सांगते. 1956 मध्ये डेन्हॅम हार्मन यांनी याच मूलकांचा संबंध वार्धक्याशी जोडला. 1969 मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी असे दाखवले की, या मूलकांना आवर घालणारे एक विकर आपल्याच पेशींत असते. 1985 मध्ये हेल्मुट सीस या जर्मन शास्त्रज्ञाने संपादित केलेल्या ग्रंथामुळे 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' हे नाव रूढ झाले.

ही मूलके म्हणजे काय, हे समजायला स्वयंपाकघर पुरेसे आहे. दाण्याचे कूट उघडे राहिले की खवट होते, किसलेले सुके खोबरे खवट होते. तेथे हवेतला प्राणवायू तेलाच्या कणांशी झोंबतो, एक कण बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, आणि अशी साखळी चालू राहते. शरीरातही अन्नापासून शक्ती काढताना थोडे असे झोंबरे कण सुटतातच. चूल पेटली की ठिणगी उडायचीच. पण प्रत्येक पेशीत ठिणग्या विझवणारी व्यवस्था असते. ठिणग्या जास्त आणि विझवणारे हात कमी, अशी स्थिती झाली म्हणजे तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस.

मग हाडांचा आणि याचा संबंध केव्हा आला? 1990 साली अमेरिकेत टेक्सासमधील संशोधकांनी उंदरांच्या कवटीच्या हाडांवर प्रयोग करून दाखवले की, प्राणवायूची मुक्त मूलके निर्माण झाली की हाड उकरणाऱ्या पेशींची संख्या वाढते आणि हाड झिजते. 2001 मध्ये स्वीडनमधून आणि 2003 मध्ये इटलीतून माणसांवरची निरीक्षणे आली. ज्यांच्या शरीरात ऑक्सिडीकरणाच्या खुणा जास्त, त्यांची हाडे विरळ. आणि हाडे ठिसूळ झालेल्या वृद्ध स्त्रियांच्या रक्तात क जीवनसत्त्वासारखी संरक्षक द्रव्ये बरीच कमी. त्याच 2003 साली लंडनच्या संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्याने माझ्यासारख्या अनेकांना मोहिनी घातली. त्यांनी मादी उंदरांची बीजांडे काढून टाकली, म्हणजे त्यांची पाळी अकाली घालवली म्हणा ना. त्यांच्या हाडांतील ग्लुटाथायोन नावाचे संरक्षक द्रव्य घटले आणि हाडे झिजू लागली. मग त्यांना अँटिऑक्सिडंट दिल्यावर ती झीज थांबली! उलट ज्या उंदरांची बीजांडे शाबूत होती, त्यांच्यात औषधाने हे द्रव्य मुद्दाम घटवले, तर त्यांचीही हाडे झिजली. इतका सरळ, इतका देखणा प्रयोग क्वचितच वाचायला मिळतो.

2010 मध्ये अमेरिकेतील आर्कान्सॉ विद्यापीठाचे स्टाव्रोस मानोलागस यांनी हे सारे धागे एकत्र विणले. आजवर आपण केवळ इस्ट्रोजेनकडे पाहत होतो, आता वार्धक्य आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस यांकडे पाहिले पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलेली एक गोष्ट मला फार आवडते. पेशीत बीटा-कॅटेनिन नावाचे एक प्रथिन असते. त्याला आपण घरातली एकुलती एक कामकरी बाई समजू. एरवी ती लिंपणाच्या कामात असते. पण ठिणग्या जास्त उडू लागल्या की तिला आग विझवणाऱ्यांच्या मदतीला जावे लागते. बाई एकच, मग जमीन सारवायची राहते. लिंपणाऱ्या पेशी वयाबरोबर मंद का होतात, याचे हे एक उत्तर.

तर भगिनींनो, बाटलीवाले गृहस्थ म्हणाले त्यात तथ्याचा अंश आहे. ते कुठे घसरले, हे सांगण्यापूर्वी मी स्वतः कुठे घसरले ते मला सांगितले पाहिजे. आजवर हे मी घराबाहेर बोलले नाही.

2009 सालच्या चैत्रात माझी आई गच्चीवर कुरडया वाळत घालताना पाय घसरून पडली. उभ्या उंचीवरून पडली, काही गच्चीवरून खाली कोसळली नव्हती. हात टेकला आणि मनगट मोडले. तिचे वय तेव्हा 64. एका रुग्णालयात प्लास्टर घातले, सहा आठवड्यांनी काढले, आणि "आता ठीक आहे" म्हणून घरी पाठवले. इतक्या किरकोळ पडण्याने हाड का मोडले, हे तेथे कोणी विचारले नाही. त्यांना मी काय बोल लावू? मीही विचारले नाही. मी, जी वर्गात फळ्यावर ऑस्टिओक्लास्टचे चित्र काढीत असे!

मी काय केले ते ऐका. मला लंडनचा तो निबंध पाठ होता. मी बाजारातून उत्तमातल्या अँटिऑक्सिडंट गोळ्या आणल्या आणि रोज सकाळी आईला माझ्या हाताने देऊ लागले. तिला मोठा अभिमान, शेजारणींना सांगायची, "माझ्या लेकीने शोधून आणलेले औषध आहे." माझ्या मनाला स्वस्थता आली. आणि ती स्वस्थताच घातक ठरली. कारण आपण उपाय करतो आहोत या समजुतीत मी तिच्या हाडांची घनता मोजली नाही, ड जीवनसत्त्व तपासले नाही, डॉक्टरांना "हिला हाडांचे औषध द्यावे का" असे विचारले नाही. मोरीत जाणारी ओली पायरी होती तशीच राहिली, आणि तिथला दिवाही गेला होता तो मी बदलला नाही.

2012 च्या श्रावणात पहाटे ती मोरीत पडली. या वेळी खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण आई पुन्हा स्वतःच्या पायांनी अंगणापर्यंत गेली नाही. पुढल्या वर्षी ती गेली. शेवटच्या महिन्यांत कपाट आवरताना ती गोळ्यांची बाटली माझ्या हाती लागली. अर्धी भरलेली होती.

उंदरांवर जे सिद्ध झाले ते मी आईवर सिद्ध झाल्यासारखे धरून चालले. माझी चूक एवढीच, आणि एवढी मोठी.

आता संशोधन पुढे कसे गेले ते पाहू, कारण माझी चूक नेमकी कोणती हे त्यावरून उमगते. 2017 साली मानोलागस यांच्याच प्रयोगशाळेने आपल्या आधीच्या मांडणीला मुरड घातली. उंदरांवरील नव्या प्रयोगांवरून त्यांनी सांगितले की, संप्रेरक गेल्याने होणारी झीज आणि वयामुळे होणारी झीज या दोन निराळ्या वाटा आहेत. हाड उकरणाऱ्या पेशींतील ठिणग्या विझवल्या तर पहिली झीज आवरते, दुसरी आवरत नाही. आपलेच म्हणणे दुरुस्त करण्याचा हा प्रामाणिकपणा मला त्या सिद्धान्ताहूनही मोलाचा वाटतो. आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. ही मूलके सर्वस्वी दुष्ट नाहीत. थोड्या प्रमाणात ती पेशींमधल्या निरोप्याचे काम करतात. चुलीतला विस्तव भडकू नये हे खरे, पण तो पार विझला तर स्वयंपाक कसा होणार?

हल्ली संशोधकांचे लक्ष म्हाताऱ्या पेशींकडे वळले आहे. काही पेशी काम सोडतात पण जागा सोडत नाहीत, आणि आजूबाजूला दाह पसरवतात. 2017 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी वृद्ध उंदरांतील अशा पेशी काढून टाकल्या, तर हाडांची झीज कमी झाली. मग त्यांनी हाच उपाय पाळी गेलेल्या 60 स्त्रियांवर तपासला. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांना दिलेल्या दोन औषधांपैकी एक होते क्वर्सेटिन, जे आपल्या कांद्यात असते. 2024 मध्ये निष्कर्ष आला. हाडे झिजण्याचे प्रमाण वीस आठवड्यांअखेर, औषध न घेणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत, कमी झालेले आढळले नाही. उंदरापासून बाईपर्यंतची वाट किती लांब आहे, हे यावरून ध्यानात यावे.

"फायदा नसेल तर नसो, तोटा तर नाही ना?" असे आपण म्हणाल. तोही भरवसा देता येत नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. ज्यांना बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक आढळला. हे 1994 साली प्रसिद्ध झाले. 2002 मध्ये अमेरिकेतील 72,000 हून अधिक परिचारिकांच्या दीर्घ निरीक्षणातून असे दिसले की, तयार अ जीवनसत्त्व फार घेणाऱ्या स्त्रियांमध्ये खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण जास्त होते. आणि "शक्तीच्या" बाटल्यांत हेच अ जीवनसत्त्व पुष्कळदा घातलेले असते! लाल भोपळा, गाजर, शेपू, राजगिरा यांतून मिळणाऱ्या रंगद्रव्यांची गोष्ट वेगळी. ती निर्धास्त खावीत.

अन्नाच्या बाजूने थोडी चांगली बातमी आहे. 2022 मध्ये पाळी गेलेल्या 235 स्त्रियांवरील एका अमेरिकन चाचणीत, रोज 50 ग्रॅम सुके आलुबुखार वर्षभर खाणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडाची घनता टिकून राहिली. न खाणाऱ्यांची घटली. पण घनता टिकली म्हणजे हाड मोडणे टळले असे अजून कोणी दाखवलेले नाही, म्हणून उद्याच वाण्याकडे धाव घेऊ नका. आपल्याकडेही काम चालू आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत शिशमाच्या पानांतील द्रव्यांचा हाडांच्या दृष्टीने अभ्यास झाला आहे, आणि पुण्याच्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत भारतीय मुलांच्या आणि स्त्रियांच्या हाडांवर संशोधन होते.

मग आज, या घटकेला, माणसांवर सिद्ध झालेले असे काय आहे? पुष्कळ आहे, आणि तेच मला आईच्या वेळी दिसले नाही.

पहिली गोष्ट, पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून मनगट, मणका, खांदा किंवा खुबा मोडला तर तो नुसता अपघात समजू नये. ती हाडांची हाक आहे. एक हाड असे मोडले की दुसरे मोडण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. उंची दीड-दोन इंचांनी कमी झाली, पाठीला बाक आला, तरी मणका आतून दबला असण्याचा संभव असतो. अशा वेळी हाडांची घनता मोजण्याची डेक्सा तपासणी करून घ्यावी. त्यात दुखत नाही, टोचत नाही. 1994 साली जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या मोजपट्टीप्रमाणे उणे अडीच किंवा त्याखाली आकडा आला की ऑस्टिओपोरोसिस धरतात.

दुसरी गोष्ट औषधांची. ही डॉक्टरांनीच ठरवायची, पण ती आहेत हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड हे शिरेतून वर्षातून एकदा द्यायचे औषध आहे. 2007 सालच्या चाचणीत, खुबा मोडलेल्या रुग्णांना ते दिल्यावर नवी हाडे मोडण्याचे प्रमाण 35 टक्क्यांनी आणि मृत्यूचे प्रमाण 28 टक्क्यांनी कमी झाले. आई मनगट मोडून घरी बसली त्याच्या दोन वर्षे आधी हे छापून आले होते. मी उंदरांचा निबंध पाठ केला आणि माणसांचा वाचलाच नाही. संप्रेरकांच्या गोळ्यांनीही हाडे मोडणे कमी होते, हे 2002 च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत दिसले. पण त्याच चाचणीत स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात यांचे प्रमाण वाढल्याने ती मध्येच थांबवावी लागली. म्हणून ज्या त्या स्त्रीची प्रकृती पाहूनच त्यांचा निर्णय होतो.

तिसरी गोष्ट ताटातली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2020 मध्ये प्रौढ स्त्रीला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितले आहे, आणि पाळी गेलेल्या स्त्रीला 1200. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते, तीळ तर त्याहून कितीतरी सरस. दूध, ताक, राजगिरा, शेवग्याचा पाला, आणि खाणाऱ्यांना काट्यासकट बारीक मासळी. तिळाची चटणी संक्रांतीपुरती ठेवू नका. पण नवऱ्याला आणि मुलांना दही वाढून स्वतः खरवड खाणाऱ्या बाईला हा आकडा गाठता येणार नाही, हे मी स्पष्टच सांगते. प्रथिनेही हवीत, म्हणून डाळ-उसळ आपल्याही वाटीत पडू द्या.

चौथी गोष्ट उन्हाची. एवढे ऊन असलेल्या आपल्या देशात ड जीवनसत्त्वाची उणीव फार पसरलेली आहे, कारण आपण घरात असतो आणि अंगभर झाकलेल्या असतो. उणीव असेल तर ती डॉक्टरी सल्ल्याने भरून काढावी. मात्र येथेही अति नको. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या 25,871 अमेरिकन स्त्री-पुरुषांवरील चाचणीत, उणीव आहे की नाही हे न पाहता सरसकट ड जीवनसत्त्व दिले, तर हाडे मोडणे कमी झाले नाही.

पाचवी गोष्ट हालचालीची. हाडावर भार पडला की लिंपणाऱ्या पेशी जाग्या होतात. चालावे, जिना चढावा, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे, ओट्याला धरून एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा. मणका दबलेल्या स्त्रियांनी मात्र कंबरेत वाकून जड बादली उचलू नये.

सहावी गोष्ट तंबाखूची. ठिणग्यांचे खरे कोठार पाहायचे तर ते येथे आहे. सिगारेट-विडीने हाडे कमकुवत होतात हे पक्के ठरलेले आहे. आणि आपल्याकडे मिशेरी लावणाऱ्या आया-बहिणी थोड्या नाहीत. मिशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, ती दातांना लावली म्हणून काही दंतमंजन होत नाही. जिला अँटिऑक्सिडंटची बाटली घ्यावीशी वाटते, तिने आधी मिशेरीची डबी टाकावी.

शेवटची गोष्ट अगदी साधी. घरातली ओली मोरी, सरकणारे पायपुसणे, उंच उंबरठा, रात्रीचा अंधार. हाड विरळ असले तरी पडलेच नाही तर बहुधा मोडत नाही. मोरीत भिंतीला धरायची दांडी आणि रात्रभर जळणारा लहान दिवा, एवढ्याने माझी आई कदाचित आणखी काही वर्षे मला हाक मारायला असती.

भगिनींनो, संशोधनावर माझा विश्वास तसूभरही कमी झालेला नाही. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवर जे काम चालले आहे त्यातून उद्या खरे औषध निघेल, अशी मला आशा आहे. पण प्रयोगशाळेतला उंदीर आणि आपल्या घरातली आई यांच्यामध्ये पुष्कळ पायऱ्या असतात. त्या संशोधकांनाच एकेक करून चढू द्याव्यात. बाटली विकणारा माणूस सगळ्या पायऱ्या एका उडीत ओलांडतो, आणि शिकलेली लेकही मायेपोटी तेच करून बसते.

कार्यकारिणीपुढे माझी एक सूचना आहे. बाटल्यांसाठी जी रक्कम काढायची असे आपण म्हणत होतो, ती काढावीच. फक्त तिचा उपयोग निराळा करावा. आपल्या ज्या सभासद भगिनींचे पन्नाशीनंतर एखादे हाड मोडले असेल, त्यांची यादी करावी आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्या डेक्सा तपासणीचा खर्च मंडळाने उचलावा. उरलेल्या पैशांत सत्तरीच्या पुढच्या सभासदांच्या मोरीत दांड्या बसवून द्याव्यात. पहिल्या दांडीचे पैसे मी आजच कार्यवाहांकडे जमा केले आहेत. ते आईच्या नावाने आहेत.

आणि ज्यांची आई, सासू, आत्या घरी आहे, त्यांना एवढेच विचारते. आज घरी गेल्यावर मोरीतला दिवा लागतो का, तेवढे पाहाल ना?